आमच्या पांढरीतून निघालेलं आम्हाला पाहू द्या : वस्तुसंग्रहालयांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या शासकीय, विद्यापीठांच्या आणि खासगी वस्तुसंग्रहालयांचे संचालक, विश्वस्त आणि अभिरक्षक

सप्रेम नमस्कार.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. सहावीला प्राचीन भारताचा इतिहास असतो, तो मी शिकवते. आमच्या वर्गात लोकवर्गणीतून घेतलेला एक टीव्ही आहे आणि इंटरनेट बऱ्यापैकी चालतं. एवढ्या भांडवलावर मुलांना जगातली संग्रहालयं दाखवता येतात आणि मी ती दाखवत आले आहे.

पत्र लिहायचं निमित्त असं, की राज्यातल्या एका संग्रहालयाने अलीकडे आपलं संकेतस्थळ नव्याने बांधलं. जुन्या संकेतस्थळावर थोड्याच वस्तूंची छायाचित्रं होती, माहितीही प्रत्येकी दोन ओळींची. तरी ती होती, आणि वर्गात तिचा उपयोग होत होता. नव्या संकेतस्थळावर तिकिटाचे दर आहेत, कार्यक्रमांची छायाचित्रं आहेत, दालनांमधून फिरवून आणणारा फेरफटका आहे. वस्तूंची पानं मात्र काढून टाकली आहेत. फोन केला तर उत्तर आलं, "ते आता बंद केलंय, प्रत्यक्ष या." संग्रहालयाचं नाव इथे देत नाही. फोन उचलणाऱ्या माणसाने तो निर्णय घेतलेला नव्हता, आणि ही अवस्था त्या एकाच संग्रहालयाची नाही.

"प्रत्यक्ष या" हे उत्तर मला मान्य नाही, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

आमच्या मुलांनी संगणकाच्या पडद्यावर काय काय पाहिलं आहे, ते आधी सांगते. इराकमधल्या उर या प्राचीन शहराच्या राजघराण्याच्या कबरींत पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली यांना खेळाचा एक पट सापडला. सुमारे ४६०० वर्षांपूर्वीचा, वीस घरांचा, शिंपले, लाल चुनखडी आणि निळा लाजवर्द बसवून केलेला. तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पटाचं पान उघडून मुलांनी घरं मोजली, पाच घरांवरची फुलं शोधली. ख्रिस्तपूर्व १७७ मधल्या एका बॅबिलोनी मातीच्या पाटीवरून या खेळाचे नियम जुळवता आले, हे कळल्यावर मुलं गप्प बसणार थोडीच. फरशीवर खडूने पट आखला, फोडलेल्या चिंचोक्यांचे फासे केले आणि खेळ सुरू झाला. मग एका मुलीने विचारलं, निळा दगड आणला कुठून? अफगाणिस्तानातून, म्हटलं. त्याच कबरींमध्ये आपल्या सिंधू खोऱ्यातले नक्षीदार लाल मणीही निघाले आहेत, हेही सांगितलं. त्या दिवशी हडप्पा संस्कृतीचा व्यापार शिकवायला मला पाठ्यपुस्तक उघडावं लागलं नाही.

आता आमच्या घरची गोष्ट. १९३८ साली इटलीतल्या पाँपेईच्या एका घरात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती सापडली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली ते शहर गाडलं गेलं, त्याआधी ती भारतातून तिथे पोचलेली होती. आज ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. उंची वीतभराहून थोडी जास्त, एक पाय दुसऱ्यावर टाकून उभी, दोन्ही बाजूंना दोन लहान दासी, हात बांगड्यांनी भरलेले, पायांत पोटऱ्यांपर्यंत चढलेले वाळे, आणि डोक्यातून खाली गेलेलं एक भोक. आरशाची मूठ असेल किंवा आसनाचा पाय, अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे दोन ठिकाणी मिळाल्या, जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि आमच्या जिल्ह्यातल्या तेरला. म्हणून पाँपेईची मूर्तीही याच भागातल्या कारागिरांची असावी, असं काही अभ्यासकांना वाटतं.

तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर म्हणून तगरचा उल्लेख आहे, आणि तिथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरात जात असल्याचंही लिहिलं आहे. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवरून आयुष्यभर वस्तू गोळा केल्या. पावसाने माती धुतली गेली की वर येणारे मणी, नाणी, मातीच्या मूर्ती, दिवे. लोक ज्याला खापरं म्हणून लाथाडत होते ते त्यांनी उचलून घरी नेलं, आणि आज तेरला त्यांच्या नावाचं संग्रहालय उभं आहे. आम्ही जिल्ह्यातले, म्हणून एसटीने मुलांना तिथे नेऊ शकतो. गडचिरोलीतल्या किंवा सिंधुदुर्गातल्या शिक्षकाने काय करायचं? आमच्या मुलांना कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयातली पोसायडनची कांस्यमूर्ती पाहायची असेल तर? पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीला ग्रीक समुद्रदेवता निघाली, हे ऐकून मुलांचे डोळे विस्फारतात. दुसऱ्या क्षणी ती म्हणतात, "मॅडम, दाखवा." तिथे माझी अडचण सुरू होते.

माझ्या तक्रारी आता मांडते. सगळ्या तक्रारी सगळ्यांना लागू नाहीत, ज्याने त्याने आपली ओळखावी.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार : संग्रहात काय आहे याची यादीच लोकांसमोर नाही. दालनात मांडलेलं असतं ते थोडं. बहुतेक संग्रह भांडारात असतो आणि तो कुणी कधी पाहणार, याला काही उत्तर नसतं. ब्रिटिश म्युझियमने २०२० मध्ये आपलं संकेतस्थळ सुधारलं तेव्हा सुमारे ४५ लाख वस्तूंच्या नोंदी तिथे शोधता येत होत्या. तेवढा पैसा आपल्याकडे नाही, हे मला समजतं. पण नाव, सापडल्याचं ठिकाण, काळ, साहित्य, मोजमाप आणि नोंद क्रमांक एवढी माहिती तुमच्या नोंदवहीत आधीपासूनच लिहिलेली आहे. ती लोकांसमोर आणायला नवं संशोधन लागत नाही. छायाचित्रं मागाहून आली तरी चालतील.

फेरफटक्याबद्दल माझं स्पष्ट मत आहे. ३६० अंशांत फिरणारं दालन पहिल्यांदा पाहताना मौज वाटते, पण काचेच्या कपाटात काय ठेवलं आहे ते त्यात दिसत नाही. काचेवर दिव्याची चकाकी, पाटीवरची अक्षरं धूसर, वस्तू नखाएवढी. मुलं दोन मिनिटं बाण दाबत फिरतात आणि कंटाळतात. उरच्या पटाशी ती तासभर रमली, कारण ती एकच वस्तू त्यांना जवळून पाहता आली. ज्यांच्याकडे थोडाच निधी आहे त्यांनी तो फेरफटक्यावर खर्च करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरी तक्रार छायाचित्रांची. जी आहेत ती इतकी लहान, की मोठी केली तर चौकोन दिसायला लागतात, आणि वर संग्रहालयाचं नाव मूर्तीच्या चेहऱ्यावरून आडवं छापलेलं. शेजारी मोजपट्टी नसते, त्यामुळे आकाराचा काही अंदाज येत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला झाडाच्या मुळाशी खणताना चार कांस्यवस्तू मिळाल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ. चौघांचं मिळून वजन साठ किलोंच्या वर. पुस्तकातलं चित्र पाहून आमच्या वर्गातल्या मुलांनी तो रथ काडेपेटीएवढा ठरवला होता. तो सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आहे, हे पट्टी धरून दाखवलं तेव्हा त्यांना पटलं. आणि पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचा चार पायांचा रांजण? त्यात बसवून पुरलेला माणूस, घराच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून पुरलेली लहान मुलं. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेलं हे उत्खनन आपल्या शेतकरी पूर्वजांबद्दल जेवढं सांगतं तेवढं क्वचितच दुसरं कुठलं सांगत असेल. असा रांजण मुलांना चारही बाजूंनी, मोजपट्टीसकट पाहता यायला हवा.

तिसरी तक्रार मराठीची. महाराष्ट्रातल्या संग्रहालयाचं संकेतस्थळ उघडावं आणि वस्तूंची माहिती फक्त इंग्रजीत असावी, हे मला खटकतं. जिथे मराठी मजकूर आहे तिथे तो बऱ्याचदा स्कॅन केलेल्या पानांत नाहीतर युनिकोडपूर्वीच्या जुन्या फॉन्टमध्ये अडकलेला असतो. तो शोधता येत नाही आणि मोबाइलवर उघडला तर अक्षरांचा चिवडा होतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. नाणेघाटातल्या राणी नागनिकेच्या लेखाचा, सातवाहनांचा, महाराष्ट्री प्राकृताचा आपण त्या वेळी अभिमानाने उल्लेख केला. त्याच सातवाहनांच्या नाण्यांबद्दल मराठीत शोध घेतला की मुलांच्या हाती काय लागतं, हे एकदा पाहा. हे करता येतं, याचा पुरावा आपल्याकडे आहे. मराठी विश्वकोश सगळ्यांना फुकट वाचता येतो, युनिकोडमध्ये शोधता येतो, आणि आमच्यासारख्या शिक्षकांचं त्याच्यावाचून पान हलत नाही.

याच मुद्द्यातली एक बारीकशी पण रोज आडवी येणारी गोष्ट. जिल्ह्यांची नावं बदलली. जुन्या नोंदींत उस्मानाबाद, औरंगाबाद, अहमदनगर आहे, नव्या पाठ्यसाहित्यात धाराशिव, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर. दोन्ही नावं नोंदीत नसली तर शोधणाऱ्याला अर्धा संग्रह सापडतच नाही.

चौथी तक्रार परवानगीची. एका संग्रहालयाकडे मी शाळेच्या वापरासाठी एका मातीच्या मूर्तीचं छायाचित्र मागितलं होतं. मुख्यालयाकडे अर्ज करा, म्हणाले. अर्ज केला, शाळेचा शिक्का मारून, मुख्याध्यापकांच्या सहीने. उत्तर आलं नाही, नकारही आला नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराने घडवलेल्या मूर्तीवर आज कुणाचा स्वामित्वहक्क नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने फेब्रुवारी २०१७ मध्ये पावणेचार लाखांहून अधिक छायाचित्रं कुणीही, कशासाठीही वापरावीत म्हणून खुली केली. त्यात भारतीय शिल्पंही आहेत. म्हणजे भारतातून तिकडे गेलेली मूर्ती मी विनापरवानगी वर्गात दाखवू शकते, वहीवर छापून वाटू शकते. इथेच राहिलेलीसाठी मात्र अर्ज करून वाट पाहायची. मला हे सहन होत नाही.

यावर दोन उत्तरं नेहमी ऐकू येतात. एक, चोरांना आयती यादी मिळेल. भीती खोटी नाही, पण घडलंय ते उलट. ऑगस्ट २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियमने जाहीर केलं, की त्यांच्या भांडारातल्या सुमारे दोन हजार वस्तू गहाळ झाल्या, चोरीला गेल्या किंवा खराब केल्या गेल्या. त्यातल्या बहुतेक नीट नोंद न झालेल्या होत्या, म्हणूनच त्या वर्षानुवर्षं गुपचूप विकता आल्या. संशय पहिल्यांदा पक्का झाला तो डेन्मार्कमधल्या एका जाणकार विक्रेत्यामुळे. ऑनलाइन विक्रीला आलेल्या वस्तूचं छायाचित्र त्याने संग्रहालयाच्याच संकेतस्थळावर पाहिलं होतं. नंतर त्या संग्रहालयाने काय ठरवलं? पाच वर्षांत उरलेला सगळा संग्रह संकेतस्थळावर आणायचा. ज्याची नोंद जगाने पाहिली आहे ती वस्तू बाजारात विकणं अवघड होतं. फक्त एक काळजी घ्यायला हवी : राखण नसलेल्या पांढरीच्या टेकाडांचं नेमकं ठिकाण देऊ नये, गावापर्यंतच द्यावं. रात्री खणणारे लोक आमच्या भागातही आहेत.

दुसरं उत्तर, सगळं घरबसल्या दिसलं तर लोक येणार कशाला? जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली. त्यांची छायाचित्रं, नोंद, सगळं लंडनच्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर कितीतरी आधीपासून होतं. तरी लोक रांगा लावून गेले. ती नोंद मुद्दाम वाचा. साताऱ्यातला ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी ग्रँट डफ, त्याच्या घराण्यातून ती कशी आली, सोबतच्या डबीवर काय लिहिलं आहे ते दिलं आहे, आणि हीच ती शिवाजी महाराजांची वाघनखं का, याची खात्री करता आलेली नाही, हेही मोकळेपणाने लिहिलं आहे. शिक्षिका म्हणून मला हा मोकळेपणा फार मोलाचा वाटतो. जे ठाऊक आहे ते कसं ठाऊक आहे, आणि कुठे थांबायला होतं, हे मुलांना दाखवता आलं तर निम्मा इतिहास शिकवून झाला.

आणि एक गोष्ट आठवून पोटात गोळा येतो. रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने अजिंठ्याच्या चित्रांच्या कितीतरी वर्षं राबून नकला केल्या. १८६६ च्या आगीत लंडनला त्यातल्या बहुतेक जळाल्या. मग ग्रिफिथ्सच्या हाताखाली जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या, त्यातल्याही अनेक १८८५ च्या आगीत गेल्या. मूळ चित्रंही दरम्यान झिजत राहिली. एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीचं राष्ट्रीय नैसर्गिक इतिहास संग्रहालय जळालं, सप्टेंबर २०१८ मध्ये ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय. आपल्या तालुक्यांच्या गावांतल्या संग्रहालयांच्या वायरिंगकडे पाहून मला हे सगळं आठवतं. नीट काढलेलं छायाचित्र आणि पूर्ण नोंद ही वस्तूची जागा घेत नाही, पण ती नसेल तर वस्तूबरोबर तिचं ज्ञानही जातं.

साधनं नाहीत असंही नाही. पुण्याच्या सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेने संग्रहालयांसाठी 'जतन' ही प्रणाली तयार केली, तिच्या आधारे देशातल्या राष्ट्रीय संग्रहालयांचं एकत्रित संकेतस्थळ उभं आहे, त्यात जुन्या गोव्याचं पुरातत्त्व संग्रहालयही आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने बसमध्ये संग्रहालय भरून ते शाळांच्या दारी नेलं. ज्यांनी असं काही केलं त्यांच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. म्हणूनच बाकीच्यांकडे मागणी करायचं धाडस होतं.

मागण्या अशा :

नोंदवहीतली यादी, जशी आहे तशी, मराठीत आणि युनिकोडमध्ये संकेतस्थळावर टाका. अपुरी असली तरी टाका. गावांची जुनी आणि नवी दोन्ही नावं द्या.

दालनात मांडलेल्या वस्तूंची छायाचित्रं मोठ्या आकारात, मोजपट्टीसह, किमान दोन बाजूंनी काढून जोडा. चेहऱ्यावर नाव छापू नका, खाली छापा.

शाळा-महाविद्यालयांच्या वापरासाठी छायाचित्रांना अर्ज आणि शुल्क नको. संग्रहालयाचं नाव देण्याची अट आम्ही आनंदाने पाळू.

संकेतस्थळ बदललं तरी वस्तूंची पानं हटवू नका, त्यांचे पत्ते तेच ठेवा. वर्गासाठी तयार केलेले पाठ एका रात्रीत निकामी होतात.

हे काम कधीपर्यंत आणि कोणत्या टप्प्यांनी होणार ते जाहीर करा, आणि पत्राला उत्तर देणाऱ्या एका जबाबदार व्यक्तीचा संपर्क द्या.

मनुष्यबळ नाही, पदं रिक्त आहेत, हे मला माहीत आहे. भरतीचा निर्णय तुमच्या हातात नाही, तो शासनाच्या हातात आहे, आणि तो व्हावा असं आम्हीही म्हणू. तोवर एक सांगते. जुन्या नोंदवह्या वाचून युनिकोडमध्ये टंकून द्यायचं काम आम्ही शिक्षक करू शकतो. माझ्या ओळखीचे आठही तालुक्यांतले इतिहासाचे शिक्षक दिवाळीच्या सुट्टीत यायला तयार आहेत. मोबदला नको, बसायला टेबल, वीज आणि तुमचा एक जाणकार माणूस तपासायला हवा. कोणत्या संग्रहालयाने बोलवायचं ते तुम्ही ठरवा आणि सुट्टी लागण्याआधी कळवा, म्हणजे आम्हाला रजेचे आणि गाड्यांचे बेत करता येतील.

आपली,
एक इतिहास शिक्षिका
जिल्हा परिषद शाळा, धाराशिव जिल्हा